बर्मी डबा उघडण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून खाउस्वेचा, म्हणजे बर्मी नूडल्सचा, डबा नेणारे ग्राहक हमखास विचारतात, "एवढ्या पुड्या कशाला? सगळं घालूनच का देत नाही?" प्रश्न रास्त आहे. म्यानमारमध्ये पदार्थ चुलीवर शिजतो, पण पुरा होतो तो जेवणाऱ्याच्या वाडग्यात. लिंबू किती, तिखट किती, कच्चा कांदा हवा की नको, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आम्हीच सगळं कालवून दिलं, तर खरी गंमत आमच्याच स्वयंपाकघरात राहील.

ओन्-नो खाउस्वे
रस्सा नारळाच्या दुधाचा, त्याला दाटपणा बेसनाचा. रस्सा आणि नूडल्स गरम करून वाडग्यात घ्या आणि आधी एक घास नुसता चाखा. मग लिंबू पिळा. नारळाचा जडपणा लगेच कमी होतो. त्यावर कांदा, तळलेला लसूण, मिरचीची भुकटी. कुरकुरीत नूडल्सची पुडी अगदी शेवटी फोडा, नाहीतर मऊ पडतात.

१९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या वेळी आणि पुन्हा १९६० च्या दशकात लाखो भारतीय ब्रह्मदेश सोडून परतले. चेन्नईत त्यांनी नूडल्सच्या 'अथो'च्या गाड्या लावल्या, त्या आजही चालतात. आपल्याकडे मात्र बर्मी जेवण म्हटलं की खाउस्वेच डोळ्यांसमोर येतं, म्हणून पुढचं थोडं सविस्तर.

तिथलं रोजचं जेवण
ते भाताचं असतं. कांदा, लसूण, आलं, हळद तेलात परतून, मासे किंवा मांस घालून, पाणी आटून तेल वर येईपर्यंत शिजवलेलं कालवण म्हणजे 'हिन्'. तेलाचा तवंग पाहून घाबरू नका. हिन् नीट शिजल्याची ती खूण आहे. भातावर ते थोडंसंच घेतात. सोबत पातळ आंबट सार, पुष्कळदा अंबाडीच्या पाल्याचं. शिवाय कच्च्या आणि उकडलेल्या भाज्या, आणि त्या बुडवून खायला ङपी, म्हणजे आंबवलेल्या मासळीची चटणी. सगळं एकदमच मांडतात आणि पहिला वाढप घरातल्या वडीलधाऱ्यांना. जेवण झालं की ताडगुळाचा खडा.

सकाळी मोहिंगा. गोड्या पाण्यातल्या माशाचा, गवती चहा आणि केळीचा गाभा घातलेला दाट रस्सा, त्यात तांदळाच्या शेवया, वर डाळीची कुरकुरीत भजी. हा नाश्ता रस्त्याकडेला बसून खातात.

लाफे
आमच्या डब्यांतली सर्वांत आवडीची वस्तू हीच. शान प्रांतातल्या डोंगरांवरची चहाची कोवळी पानं वाफवून, मळून, घट्ट दाबून काही महिने आंबवतात. चव किंचित कडू, किंचित आंबट, आणि मागून चहाचा सुगंध. पूर्वी तंटा मिटला की दोन्ही पक्ष लाफे खात. फळांत आंबा, मांसात डुकराचं, पानांत लाफे, असं बर्मी लोक म्हणतात. पाहुण्यांपुढे ते खण पाडलेल्या लाखेच्या डब्यात येतं: मधे पानं, भोवती तळलेला लसूण, तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, सुकट.

घरी दोन चमचे लाफे वाडग्यात घ्या. बारीक चिरलेला कोबी, टोमॅटो, एखादी हिरवी मिरची, थोडं तेल आणि लिंबू घालून हाताने चुरून कालवा. कुरकुरीत पुडी शेवटी घाला आणि लगेच खा. दहा मिनिटं ठेवलं तरी मजा जाते. पानं चहाचीच असल्याने झोप उडते. अभ्यासाला जागणारी मुलं तिथे मुद्दाम खातात, तुम्ही मात्र दुपारी खा.

शाकाहारी ग्राहकांसाठी
बर्मी कोशिंबिरींतही सुकट किंवा मासळीचा रस सर्रास असतो. म्हणून आम्ही सुकट वेगळ्या, लाल दोऱ्याच्या पुडीत देतो. नको असल्यास ऑर्डर देतानाच सांगा. शान तोफू मात्र निर्धास्त घ्या. त्यात सोयाबीन नाही, बेसन, हळद, मीठ आणि पाणी एवढंच, आपल्या पाटवडीसारखं शिजवून थापलेलं. तुकडे तळून चिंचेच्या चटणीबरोबर वाढा.

शेंगदाणे आणि तीळ जवळजवळ प्रत्येक पुडीत आहेत. ज्यांना ते चालत नाहीत त्यांनी आधी फोन करावा. उघडलेलं लाफे झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि काढताना चमचा कोरडाच वापरा.