प्रॉक्सीबंदी आली कुठून?

चाळीच्या सार्वजनिक नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं, पण नंबर रात्रीच लागायचे. माणसं घरात झोपलेली, रांगेत हंडे उभे. एक हंडा म्हणजे एक घर, एवढं सगळ्यांना मान्य होतं. भांडण पेटायचं ते एखाद्याने दोन हंडे, एक फुटकी बादली आणि शेवटी वीट ठेवून चार नंबर अडवले की. क्रिप्टोची नाणी फुकट वाटणाऱ्या साइटला इंग्रजीत 'फॉसेट' म्हणजे नळच म्हणतात, आणि तिथलं पंधरा वर्षांचं भांडणही हेच आहे. हा हंडा नक्की कोणाचा? बॉटना, म्हणजे माणसाचं सोंग घेऊन आपोआप क्लिक करणाऱ्या प्रोग्रॅमना, आवर घालायला प्रॉक्सीवरून, म्हणजे मधल्या दुसऱ्या संगणकामार्फत, येणाऱ्या सगळ्यांनाच बाहेर ठेवावं का, हा वाद त्याच नळावरचा.

पहिला नळ जून 2010 मध्ये सुरू झाला. गॅव्हिन अँड्रेसन या अमेरिकी प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातली 1,100 बिटकॉइन घालून एक साधी साइट उघडली. कॅप्चा, म्हणजे आपण माणूस आहोत हे दाखवायचं कोडं, सोडवायचा, आपला बिटकॉइनचा पत्ता टाकायचा, की 5 बिटकॉइन खात्यात. आज वाचताना पोटात कालवाकालव होते, पण त्याच्या काही दिवस आधी, 22 मे 2010 ला, फ्लोरिडात एकाने दोन पिझ्झांसाठी 10,000 बिटकॉइन मोजली होती. भाव तोच होता. हेतू एवढाच की लोकांच्या हातात नाणं पडावं, त्यांनी ते पाठवून बघावं. पैसे कमवायचा विचार ना देणाऱ्याचा होता, ना घेणाऱ्याचा. भाव चढत गेला तसा नळ बारीक झाला आणि कालांतराने बंद पडला.

नंतर नळ उघडले ते धंदेवाल्यांनी. हिशोब सरळ होता: पानावर जाहिराती लावायच्या, त्यातून येईल त्याचा काही हिस्सा येणाऱ्याला सातोशीत द्यायचा. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सातोशी. फॉसेटवाला शे-दोनशे सातोशी देणार, जाहिरातदाराकडून त्याहून जास्त घेणार. ही साखळी टिकते कधी? जाहिरात खऱ्या माणसाने पाहिली तरच. बॉट आला तर जाहिरातदार पैसे कापतो, सातोशी मात्र गेलेली असतात. त्यात रेफरलची भर पडली. तुम्ही आणलेल्या माणसाने जे कमावलं त्यावर तुम्हाला कमिशन. मग लोकांनी स्वतःच्याच खाली स्वतःची वीस खाती उघडली, यात नवल काय?

फॉसेटवाल्यांनी यावर जो पहिला उपाय काढला, तो सगळ्यात सोपा होता. एका आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखायच्या क्रमांकाला, तासाला एकदाच. इथे मला नेहमी हसू येतं. सातोशी नाकामोटोने 31 ऑक्टोबर 2008 ला बिटकॉइनचा जो मूळ आराखडा प्रसिद्ध केला, त्यात नेमकी हीच पद्धत नाकारलेली आहे. एका आयपीला एक मत दिलं तर ज्याच्याकडे खूप आयपी तो सगळ्यांना वेठीला धरेल, म्हणून मत मोजायचं ते संगणकाने केलेल्या कामावरून, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. त्याच्याही आधी, 2002 मध्ये, मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या जॉन डूसरने दाखवून दिलं होतं की ओळख पटवून देणारी एखादी मध्यवर्ती यंत्रणा नसेल, तर एकाच माणसाने अनेक सोंगं घेण्याला व्यवहारात पक्का अटकाव नाही. याला सिबिल हल्ला म्हणतात. म्हणजे ज्या नाण्याच्या निर्मात्याने आयपीवर भरवसा ठेवायला नकार दिला, तेच नाणं वाटणाऱ्यांनी सगळा भरवसा आयपीवर टाकला.

आणि आयपी म्हणजे काय, हे मुंबईत बसून बघितलं की त्या भरवशाचं काय होतं ते कळतं.

2014 ची गोष्ट. लालबागला मावशीकडे चाळीत केबलवाल्याचं इंटरनेट होतं. टीव्हीची केबल टाकणाऱ्यानेच गच्चीवरून निळी वायर ओढलेली, जिन्याखाली मीटरच्या शेजारी प्लास्टिकच्या डब्यात आठ तोंडांचा स्विच, त्यावर उंदीर येऊ नयेत म्हणून बांधलेली पिशवी. त्या डब्यातून सात घरं आणि अशा कित्येक डब्यांतून अख्खी गल्ली बाहेर पडायची ती एकाच सार्वजनिक पत्त्याने. मावसभावाला आणि मला फॉसेटचा नाद लागला होता. त्याने क्लेम केला, म्हणजे आपली सातोशी मागून घेतली, की पाच मिनिटांनी वरच्या मजल्यावरचा पोरगा धावत खाली.

"दादा, माझं पण तुम्हीच घेतलं काय? या पत्त्यावरून घेऊन झालंय म्हणतोय."

"अरे, तुझं मी कशाला घेऊ?"

"मग कोणी घेतलं?"

घेतलं कोणीच नव्हतं. साइटला चाळीचा पत्ता दिसत होता, खोली नंबर दिसत नव्हता. पोरगा हुशार. त्याने कुठलीशी फुकट वेब प्रॉक्सी शोधली, क्लेम केला, दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवशी लाल पाटी: प्रॉक्सी आढळली, खातं बंद. त्याचं गेलं ते गेलं, तो माझ्या रेफरलखाली असल्याने माझंही गेलं. दहा हजारांच्या आत सातोशी होती, तेव्हाच्या भावाने साडेतीन रुपये. वडापावही आला नसता. मेल केली, उत्तर आलं नाही. पण साडेतीन रुपयांसाठी इतका राग मला आयुष्यात दुसऱ्यांदा आलेला नाही.

केबलवाल्याची यात चूक नव्हती. आयपीच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही4 मध्ये, एकूण पत्ते सुमारे 430 कोटी. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा ते अमाप वाटत होते. फेब्रुवारी 2011 मध्ये जागतिक साठ्यातला शेवटचा वाटा वाटून संपला आणि 15 एप्रिल 2011 ला आशिया-पॅसिफिकची, म्हणजे आपली, नोंदणी संस्था शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. त्यानंतर आलेल्यांना चिमूटभर पत्ते मिळाले. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी सुरुवातीलाच ढिगाने पत्ते घेऊन ठेवलेले, इकडे गिरणगावात शंभर घरांत एक. एप्रिल 2012 मध्ये तर या वाटणीची रीतसर सोय झाली: 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो-हजारो ग्राहक बसवता यावेत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा आला, आणि मोबाइलवरचं बहुतेक सगळं शहरच अशा सामायिक पत्त्यांमागे गेलं. जिओने नवी आयपीव्ही6 पद्धत मोठ्या प्रमाणात वापरली हे खरं, पण समोरची साइटच जुन्या पद्धतीवर असेल तर शेवटी तोच सामायिक दरवाजा.

आता यात प्रॉक्सी कुठे येते? कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे मित्राच्या नावाला 'येस सर' म्हणणं. इंटरनेटवरही तेच, तुमच्या जागी दुसरा हजेरी देतो. पण ही हजेरी लावायला प्रत्येक वेळी लबाडीच लागते असं नाही. 2006 नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे साध्या फोनवर ऑपेरा मिनी जोरात चाललं, कारण ते पान आपल्या सर्व्हरवर आणून, दाबून, लहान करून पाठवायचं आणि टू-जीचा पैसा वाचायचा. म्हणजे ऑपेरा मिनी वापरणारा प्रत्येक जण प्रॉक्सीवरूनच यायचा! लोकलमध्ये उभं राहून क्रिकेटचा स्कोअर बघणाऱ्याला आपण प्रॉक्सीवाले आहोत हे स्वप्नातही माहीत नव्हतं. सायबर कॅफेत एका कनेक्शनवर दहा मशिनं चालवायला मालक प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर टाकायचा. ऑफिसात तर आजही असतं.

सरसकट बंदीचा अनुभव फॉसेटवाल्यांच्या आधी विकिपीडियाने घेतला होता. तोडफोड करणारे उघड्या प्रॉक्सीमागे लपतात म्हणून तिथे अशा प्रॉक्सी बंद करण्याचं धोरण आधीपासून होतं. 2007 च्या सुरुवातीला एक पत्ता असाच बंद केला, आणि काही तासांसाठी जवळपास अख्ख्या कतारमधून बिननावाने संपादन करणं थांबलं, कारण त्या देशाची बहुतेक रहदारी एकाच प्रॉक्सीतून बाहेर पडत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी. विकिपीडियाने यातून शहाणपण घेतलं ते असं: ओळखीच्या, जबाबदार प्रॉक्सी आपल्या मागे कोण आहे ते कळवतात, त्यांची यादी ठेवायची आणि त्यांच्या मागचा पत्ता बघायचा. फॉसेटवाल्यांना एवढा वेळ नव्हता. बहुतेक साइट एकटादुकटा माणूस तयार स्क्रिप्ट टाकून चालवायचा. त्याला कुठून तरी 'चांगला' किंवा 'वाईट' एवढंच सांगणारी सेवा हवी होती, आणि ती मिळाली. पत्ता पाठवा, उत्तर घ्या, दार लावा.

कॅप्चाचं काय झालं, असं कोणी विचारेल. ही कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठात आकाराला आली, 2003 च्या शोधनिबंधातून नावासकट रुजली, 2009 मध्ये गूगलने रिकॅप्चा विकत घेतलं. पण 2010 पर्यंतच भारत, बांगलादेश आणि चीनमध्ये माणसं बसवून कॅप्चा सोडवून देण्याचा धंदा उभा राहिला होता. हजार कॅप्चांना साधारण एक डॉलर. म्हणजे बॉटच्या मागे माणूस बसला, तोही आपल्याकडचाच. कॅप्चा हतबल झाला तशी सगळी मदार पुन्हा आयपीवर आली.

मधल्या काळात पैसे पोचवण्याची पद्धतही बदलली. मे 2013 मध्ये बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरने सुमारे साडेपाच हजार सातोशींखालच्या रकमांचे व्यवहार धूळ म्हणून पुढे पाठवायचं बंद केलं. मग अनेक फॉसेटची कमाई एकत्र साठवणारी मायक्रोवॉलेटं आली. बॉट पकडायला ही जागा खरं तर उत्तम होती, कारण पन्नास फॉसेटवर एकच खातं कसं वागतं ते तिथे एकत्र दिसायचं. त्यातलं फॉसेटहब 2019 च्या अखेरीस बंद झालं, कॉइनपॉट 2021 मध्ये. ती नजर त्यांच्याबरोबर गेली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर डेटा सेंटरचे पत्ते अडवायला माझी हरकत नाही. कोणाचीही मावशी भाड्याच्या सर्व्हरवर राहत नाही. टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याच्या बाहेर पडण्याच्या वाटांची यादी तर जाहीरच असते, ती अडवायची की नाही हे साइटने ठरवावं. पण 'एका पत्त्यावर अनेक जण दिसले' एवढ्यावरून बंदी घालणं म्हणजे चाळीत राहणं हाच गुन्हा ठरवणं. क्लेमच्या वेळी सगळ्यांना आत घ्यावं आणि चाळणी पैसे काढताना लावावी. वीस खाती एकाच पाकिटात, म्हणजे क्रिप्टो वॉलेटमध्ये, पैसे काढतात का, रात्री तीनलाही दर साठ मिनिटांनी न चुकता क्लेम होतो का, हे तिथे दिसतं. झोप न घेणारा माणूस ओळखायला आयपी लागत नाही.

एअरड्रॉपवाले, म्हणजे आपली टोकन वापरकर्त्यांना फुकट वाटणारे क्रिप्टो प्रकल्प, याच वाटेने गेले. सप्टेंबर 2020 मध्ये युनिस्वॉपने जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी 400 टोकन दिली आणि पुढच्या वाटपांसाठी लोकांनी शेकडो पाकिटं उघडून ठेवली. तिथे आयपी हाताशी नव्हताच, ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, झालेले व्यवहारच उलगडून बघावे लागले. ऑप्टिमिझमने 2022 मध्ये असे पाकिटांचे 17,000 पत्ते वगळले. लेयरझीरोने 2024 मध्ये तर कबुलीची सवलत काढली: स्वतःहून सांगा, वाट्याच्या 15 टक्के घ्या. नळावरच्या म्हाताऱ्याही हेच करायच्या, वीट कोणाची ते बोला, एक हंडा भरू देते.

आपल्याकडे व्हीपीएनकडे, म्हणजे आपला पत्ता झाकून दुसऱ्याच सर्व्हरवरून नेणाऱ्या सेवेकडे, वळायला आणखीही कारणं मिळत गेली. एप्रिल 2018 मध्ये फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितलं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. 2022 पासून 30 टक्के कर आणि 1 टक्का टीडीएस आला. डिसेंबर 2023 मध्ये सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने क्रिप्टोची खरेदी-विक्री करणाऱ्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि जानेवारीत त्यांच्या साइट भारतात उघडेनाशा झाल्या. स्वतःचेच अडकलेले पैसे बघायला व्हीपीएन लावणारे तेव्हा कितीतरी. त्याआधी, एप्रिल 2022 मध्ये, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले. तेव्हापासून व्हीपीएनवर 'भारत' निवडलं तरी सर्व्हर सिंगापूरला असू शकतो. फॉसेटच्या नजरेला हे सगळे एकजात संशयित.

खरे बॉटवाले तोवर तिथून निघून गेले होते. डेटा सेंटरचे पत्ते अडवले जातात म्हटल्यावर त्यांनी घरचे पत्ते भाड्याने घ्यायला सुरुवात केली. 2015 मध्ये उघड झालं की होला नावाचं फुकट व्हीपीएन वापरणाऱ्यांची कनेक्शनं दुसऱ्या बाजूने विकली जात होती. मे 2024 मध्ये अमेरिकेने 911 एस5 नावाचं जाळं मोडलं, त्यात जगभरचे 1 कोटी 90 लाख पत्ते होते, तेही बहुतांशी फुकट व्हीपीएनच्या आमिषाने गोळा केलेले. अशा पत्त्यावरून आलेला बॉट तपासणाऱ्या सेवेला अगदी घरचा, सोज्वळ ग्राहक दिसतो.

गेल्या दिवाळीत मावसभावाचा मुलगा फोन घेऊन आला. आता ते डोंबिवलीला राहतात, घरात फायबर आहे. "काका, ही साइट मला प्रॉक्सी म्हणते. मी तर व्हीपीएन कधी लावलंच नाही." फोन बघितला. वर बक्षिसाच्या साइटची लाल पाटी, तशीच, दहा वर्षांपूर्वीची. मागे एक ॲप शांतपणे चालू होतं. न वापरलेलं इंटरनेट आम्हाला द्या, महिन्याला दोन-तीन डॉलर घ्या, असं सांगणारं. त्याला ते मित्राच्या रेफरलने मिळालं होतं.