खाणीला हरकत घेताना सुरुंगाचे गणित मांडा

गावाशेजारच्या टेकडीवर दगडखाण येणार म्हटले की हरकतींचे अर्ज बहुतेक एकाच वळणाचे असतात. घरांना तडे जातील, विहिरी आटतील, धूळ उडेल. भीती खरी आहे, पण ‘तडे जातील’ एवढ्यावर ‘आम्ही नियंत्रित स्फोट करतो’ असे उत्तर देऊन खाणवाला मोकळा होतो. ‘एका डिलेला, म्हणजे एका वेळी फुटणाऱ्या भोकांना, सुरुंगाची किती किलो दारू भरणार?’ असे विचारले की त्याला आकडा द्यावा लागतो.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, फोडायला ओळीने भोके पाडून त्यांत स्फोटके भरतात. सगळी भोके एकदम उडवली तर सगळ्या दारूचा धक्का एकत्र बसतो. १७ किंवा २५ मिलिसेकंदांच्या अंतराने उडणारे डिले डेटोनेटर लावले तर एका वेळी फुटणाऱ्या दारूपुरताच धक्का बसतो. ८ मिलिसेकंदांच्या आत फुटणारी भोके मात्र एकच धरायची असा प्रघात आहे.

आता घरापर्यंतच्या अंतराला एका डिलेच्या दारूच्या वर्गमुळाने भागा. २०० मीटर आणि १०० किलो असेल तर उत्तर २०. २५ किलो असेल तर ४०. खडकाचे स्थिरांक जागेगणिक बदलतात, पण नेहमी वापरले जाणारे सरासरी स्थिरांक धरले तर पहिल्या वेळी जमीन सेकंदाला साधारण ९.५ मिलिमीटर वेगाने हलते, दुसऱ्या वेळी ३. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या नसलेल्या घरांसाठी मर्यादा अशी: कंपने ८ हर्ट्झपेक्षा (सेकंदाला ८ हेलकाव्यांपेक्षा) कमी असतील तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यापुढे १५. संथ कंपनांना मर्यादा कडक, कारण घरे स्वतः त्याच लयीत डोलतात. जुन्या ऐतिहासिक वास्तूंना तर २ मिलिमीटरपासून सुरुवात होते.

तावदान खडखडले म्हणजे भिंत फुटलीच असे नाही. तो बहुधा हवेतून आलेला दाब असतो. शिवाय काळ्या मातीवरच्या घरांना माती फुगण्या-आकसण्यानेही तडे जातात, आणि खाणवाला नेमके तेच सांगणार. म्हणून पहिला सुरुंग उडण्याआधी घरातला प्रत्येक तडा शेजारी पट्टी धरून फोटोत घ्या. तड्याच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. तडा रेघ ओलांडून गेला तर तो नंतर वाढला, हे भिंतच सांगते.

जिवावर बेततो तो उडणारा दगड. भोकाचे तोंड नीट बुजवलेले नसेल तर वायू तिथूनच सुटतो आणि दगड घेऊन जातो. भोक पाडताना निघालेली भुकटीच परत भरण्याची सवय सर्रास दिसते. ती घट्ट बसत नाही. भोकाच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी कोनदार खडी दाटून बसते. बेसॉल्टच्या दोन थरांमधली लाल मातीची पट्टीही दगा देते, कारण मऊ जागेतून वायू वाट काढतो. स्फोटानंतर उरलेले मोठे धोंडे पुन्हा सुरुंगाने न फोडता ब्रेकरने, म्हणजे यंत्राच्या हातोड्याने फोडावेत, ही अट लिहून घ्या. स्फोटाच्या वेळी ५०० मीटरचा पट्टा धोक्याचा मानतात. त्यात शाळा किंवा रस्ता येतो का, ते नकाशावर मोजा.

धुळीबाबत अर्जात सरसकट ‘सिलिकोसिस’ (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) लिहितात. बेसॉल्टमधली सिलिका बहुतांशी खनिजांत बांधलेली असते आणि मोकळे क्वार्ट्झ कमी, त्यामुळे ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडाइतका हा मुद्दा इथे टिकत नाही. पीएम १०, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांची, घनमीटरला २४ तासांची १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा मात्र टिकते. क्रशरचे पट्टे झाकलेले आहेत का, पाण्याचे फवारे आहेत का, हे विचारा. डंपरही मोजा: दिवसाला २०० ब्रास माल आणि गाडीला ४ ब्रास, तर ५० खेपा, जाऊन-येऊन १०० फेऱ्या, म्हणजे १० तासांत दर ६ मिनिटांनी एक गाडी दारावरून.

५ हेक्टरच्या आतल्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसा आदेश दिला. टेकडीचे तुकडे करून अर्ज आले असतील तर या मंजुरीच्या नियमांतल्या २०१६ च्या दुरुस्तीतली तरतूद दाखवा: ५०० मीटरच्या आतल्या खाणी समूह म्हणून धरायच्या.

पाण्याचा मुद्दा सर्वांत जड आणि सर्वांत कमी मोजलेला. आपल्याकडे पाणी मुरूम, भेगा आणि सच्छिद्र थरांत साठते. खाणीचा तळ शेजारच्या विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली गेला आणि तिथला पंप चालू झाला, की ते पाणी खाणीकडे वळू लागते. म्हणून खाणीच्या आराखड्यातली तळाची उंची आणि विहिरीतल्या पाण्याची उंची, दोन्ही समुद्रसपाटीपासून मागा. आणि यंदापासूनच दोरीला वजन बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा: एकदा मेमध्ये, एकदा ऑक्टोबरमध्ये, सकाळी मोटर लावण्याआधी. वहीत तारीख, अंतर आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या.