सामग्येथांग की बेकसुक: सोलमध्ये योग्य दार कसे ओळखावे

सोलला फिरायला किंवा कामानिमित्त आलेले मराठी लोक 'जिनसेंग घातलेले कोंबडीचे सूप चांगले कोठे मिळेल' असे हमखास विचारतात, आणि त्यांना मिळणाऱ्या सल्ल्यांत सामग्येथांग आणि बेकसुक ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली असतात. इंग्रजी मेनूकार्डे या गोंधळात भरच घालतात, कारण दोन्ही पदार्थांखाली बहुधा 'चिकन सूप' एवढेच छापलेले असते. मग एकट्याने जेवायला निघालेला माणूस तासभर प्रवास करून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बेकसुकच्या खाणावळीत पोचतो, तेथे त्याला चौघांना पुरेल एवढी अख्खी कोंबडी मागवावी लागेल असे सांगितले जाते, आणि तो उपाशी परततो. माझ्या ओळखीच्या तिघांच्या बाबतीत हे असेच घडले आहे.

सामग्येथांग बहुतेक वाचकांना माहीत असते, त्यामुळे त्याविषयी थोडक्यात सांगतो. 'साम' म्हणजे जिनसेंग ही औषधी मुळी, 'ग्ये' म्हणजे कोंबडी आणि 'थांग' म्हणजे रस्सा. एक लहान अख्खी कोंबडी, तिच्या पोटात भिजवलेले चिकट तांदूळ, लसूण, आपल्या बोराच्या जातकुळीतले सुकवलेले लाल फळ आणि ओल्या जिनसेंगचे एक बारीक मूळ, असे हे सगळे तुकबेगी नावाच्या काळ्या मातीच्या भांड्यात रटरट उकळत समोर येते. सोबत मीठ-मिरपूड आणि मुळ्याची किमची असते. जुलै-ऑगस्टमधल्या तीन बोक दिवशी, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे मानल्या जाणाऱ्या तीन दिवशी, ते आवर्जून खाल्ले जाते. 2025 मध्ये हे दिवस 20 जुलै, 30 जुलै आणि 9 ऑगस्ट असे होते, आणि त्या दिवशी दुपारी नामांकित ठिकाणी रांगेत उभे राहण्याचा हट्ट धरू नये.

आता मूळ चुकीकडे येतो. 'जिनसेंग असेल तर सामग्येथांग, नसेल तर बेकसुक' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते खोडून काढण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. बेकसुकमध्येही जिनसेंग घालतात, शिवाय ह्वांगी नावाचे मूळ, औषधी झाडांच्या काटक्या, जंगली अळंबी असेही पुष्कळ काही घालतात. या गैरसमजाला सामग्येथांगचे नावच काहीसे कारणीभूत आहे, कारण त्यात जिनसेंग सर्वांत पुढे येऊन बसले आहे. पूर्वी याच पदार्थाला ग्येसामथांग म्हणत, म्हणजे कोंबडी आधी आणि जिनसेंग नंतर. पदार्थ समजून घ्यायचा असेल तर तो जुना क्रम अधिक प्रामाणिक आहे असे माझे ठाम मत आहे, कारण हे दोन पदार्थ वेगळे होतात ते कोंबडीच्या वयामुळे, आणि बाकीचे सारे फरक त्या एका गोष्टीतून निघतात.

सामग्येथांगची कोंबडी म्हणजे आपल्याकडे जिला तलंग म्हणतात तिच्यापेक्षाही कितीतरी कोवळे पिल्लू असते. कोरियात साफ केलेल्या कोंबड्या वजनानुसार क्रमांकाने विकल्या जातात. 5 क्रमांकाची कोंबडी साधारण 500 ग्रॅमची आणि 10 क्रमांकाची साधारण एक किलोची असते. सामग्येथांगसाठी 5 किंवा 6 क्रमांकाची कोंबडी घेतात, कारण ती भांड्यात अख्खी मावली पाहिजे आणि एका माणसाने संपवली पाहिजे. यासाठी बहुतेक वेळा बेकसेमी नावाची संकरित जात वापरतात, जिचा बाप मांसासाठी वाढवलेल्या जातीचा आणि आई अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीची असते. एवढ्या कोवळ्या मांसाला शिजायला लागणारा वेळ आणि भिजवलेल्या तांदळाला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो, म्हणूनच तांदूळ पोटात भरता येतात. तांदूळ बाहेर सांडू नयेत म्हणून कातडीला छेद देऊन तंगड्या एकमेकींत अडकवतात. शिजताना तांदळाची पेज हळूहळू रश्शात उतरते आणि रस्सा दाट होतो, तर रश्शाची चव आतल्या भातात मुरते. चमच्याने पोट उघडल्यावर जो भात बाहेर येतो तो सामग्येथांगचा गाभा आहे, आणि तो न ढवळता केवळ वरचे मांस खाऊन उठणाऱ्यांना मी मनापासून सांगतो की त्यांनी पदार्थ अर्धाच खाल्ला.

बेकसुकचा अर्थच मुळी 'पांढरे शिजवलेले' असा आहे, म्हणजे मसाला न घालता नुसत्या पाण्यात उकडलेले. येथे कोंबडी मोठी आणि वयाने पुरती वाढलेली असते. चांगल्या खाणावळींत ती थोजोंगदाक, म्हणजे आपल्या भाषेत गावरान कोंबडी असते, आणि गावरान कोंबडी मऊ व्हायला किती वेळ लागतो हे ज्याने घरी एकदा तरी रांधली आहे त्याला वेगळे सांगायला नको. तेवढा वेळ पोटात ठेवलेल्या तांदळाचा लगदाच होईल. म्हणून येथे तांदूळ बहुधा वेगळे ठेवतात. कोणी त्यांची कापडात पुरचुंडी बांधून कोंबडीशेजारी सोडतात, तर कोणी कोंबडी खाऊन झाल्यावर उरलेल्या रश्शात त्यांची खीमट करून आणतात. मांस चिवट, दाणेदार आणि चवीला खोल असते, ते मोठ्या ताटात किंवा पातेल्यात येते आणि सर्वांनी मिळून तोडून खायचे असते. या नियमाला एक अपवाद आहे: योंगग्ये बेकसुक, म्हणजे कोवळ्या कोंबडीचे बेकसुक, जे एकट्यापुरते मिळू शकते. पण तेथे 'कोवळी' हा शब्द नावात मुद्दाम लावावा लागतो, यावरूनच एरवी बेकसुक म्हटल्यावर कोणती कोंबडी अपेक्षित असते ते कळते.

रश्शाचा रंग, बोरे किती, चेस्टनट आहेत की नाहीत, सोबत जिनसेंगच्या दारूची छोटी पेली मिळते की नाही, या गोष्टी दुकानागणिक बदलतात आणि त्यांवरून काहीच ठरत नाही. दोंगदेमुनच्या गल्लीत मिळणारे दाकहानमारी हा तिसराच प्रकार आहे. त्यात कोंबडी टेबलावरच्या शेगडीवर बटाट्यांसह उकळते आणि शेवटी रश्शात शेवया शिजवतात. तो मला आवडतो, पण त्याला जिनसेंगचे सूप म्हणणे चूक आहे.

हे लक्षात आले की शोध सोपा होतो. सोलमध्ये गुगल मॅप्सवर विसंबू नये. तपशीलवार नकाशाची माहिती देशाबाहेर नेण्याची परवानगी कोरियन सरकारने त्या कंपनीला 2007 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये नाकारली होती, आणि स्थानिक लोक आपले अभिप्राय आणि छायाचित्रे नेव्हर मॅपवर किंवा काकाओ मॅपवरच टाकतात. शोधताना इंग्रजी 'चिकन सूप' न लिहिता पदार्थाचे नाव कोरियन लिपीत (삼계탕 म्हणजे सामग्येथांग, 백숙 म्हणजे बेकसुक) चिकटवावे. पाटीवर शेवटचे अक्षर 'थांग' आहे की 'सुक', एवढे वाचायला शिकणे अर्ध्या तासाचे काम आहे. तरीही शंका राहिली तर किंमत पाहावी. सामग्येथांगची किंमत एका वाडग्याची असते, सोलमध्ये ती हल्ली 17,000 वॉनच्या पुढे जाते. बेकसुकची किंमत एका कोंबडीची असते आणि ती त्याच्या तिप्पट-चौपट दिसते. छायाचित्रात प्रत्येकासमोर स्वतंत्र काळे भांडे दिसले तर निश्चिंत मनाने जावे.

एकट्यासाठी माझी पहिली शिफारस सिटी हॉलजवळच्या सोसोमुन भागातील गोर्यो सामग्येथांग ही आहे. हे दुकान 1960 पासून चालू आहे, आणि तेथील रस्सा स्वच्छ असून कोंबडीची चव झाकत नाही. ग्योंगबोक्गुंग राजवाड्याजवळचे थोसोकछोन 1983 मध्ये सुरू झाले, जुन्या पद्धतीच्या हानोक घरात बसायला मिळते, आणि तेथील रस्सा बियांच्या कुटामुळे दाट असतो. पाहुण्यांना ते जास्त आवडते हे मला ठाऊक आहे, पण तो दाटपणा मला जड वाटतो, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने स्वच्छ रश्शापासून सुरुवात करावी असेच मी सांगेन.

बेकसुक खायचे असेल तर तीन-चार जणांनी मिळून शहराबाहेर पडावे. सोलच्या आग्नेयेला नामहानसानसोंग हा डोंगरी किल्ला आहे, 2014 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे, आणि किल्ल्याच्या आतल्या वस्तीत बेकसुकच्या खाणावळी ओळीने आहेत. मेट्रोच्या आठव्या मार्गावरील सानसोंग स्थानकापासून तेथे बस जाते. सकाळी फोन करून कोंबडी सांगून ठेवावी, तटबंदीवरून चालून यावे आणि मग जेवायला बसावे, म्हणजे ती शिजेपर्यंत ताटकळावे लागत नाही.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. या खाणावळींच्या यादीत ओत्ताक नावाचा प्रकार असतो, त्यात 'ओत' म्हणजे रोगणाच्या (लॅकरच्या) झाडाच्या काटक्या कोंबडीबरोबर उकळतात. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले आहे, आणि ज्यांच्या अंगावर बिब्बा उततो त्यांच्या अंगावर हा रस्साही उतू शकतो. काही ठिकाणी एकाच स्वयंपाकघरात दोन्ही शिजतात, म्हणून साध्या बेकसुकचे पातेले वेगळे असते का, हे कोंबडी चुलीवर चढण्याआधीच विचारावे.