नारायणरावाचे पिशाच्च

पुण्याच्या शनिवारवाड्यात अमावास्येच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही समजूत. काही जण अमावास्येऐवजी पौर्णिमा सांगतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी वाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनावर ही कथा उभी आहे. अठराव्या शतकात पुण्याने याहून क्रूर मृत्यू पाहिले. तरी भूत झाले ते याच एकाचे. इतिहासातल्या कोणत्या हिंसेचे भूत होते आणि कोणत्या हिंसेचे होत नाही, हे पाहायला म्हणूनच हे उदाहरण उपयोगी पडते.

घटना अशी. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग, महंमद इसफ वगैरे गारदी (पगारी शिपाई) भर दुपारी वाड्यात घुसले. नारायणराव पळत रघुनाथरावांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून बसले. तिथेच ते मारले गेले. वय नुकतेच १८ पूर्ण झालेले. त्यांच्या अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही कापला गेला. प्रेत रात्री बाहेर काढून घाईने दहन केले. ज्या दरवाजातून ते नेले, त्याला नारायण दरवाजा म्हणतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी पत्रात ‘ध’चा ‘मा’ केला (‘धरावे’चे ‘मारावे’), ही गोष्ट घराघरांत ठाऊक असली तरी तसे पत्र कोणी दाखवलेले नाही.

खून दुपारी झाला आणि तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. म्हणजे रात्रही नाही आणि अमावास्याही नाही. भूतकथेला दुपार चालते (खेड्यांत ‘भर बाराची वेळ’ वाईटच मानतात), पण शहरी श्रोत्याला रात्र लागते, म्हणून वेळ सरकली. पौर्णिमेचा पाठ (कथेचे रूप) त्यातल्या त्यात खऱ्या तिथीजवळ आहे, दोनच दिवसांनी पुढे. पण तो तिथी पाहून ठरला असेल असे वाटत नाही.

पिशाच्चांच्या मराठी वर्गवारीत हे भूत कुठेच नीट बसत नाही. मुंज झाली पण सोडमुंज झाली नाही असा ब्राह्मण मुलगा मेला तर मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. नारायणरावांचे तर लग्न झालेले होते. वासना अडकलेला, मागे कोणी नसलेला ब्राह्मण समंध होतो. इथे पत्नी गंगाबाईंच्या पोटी १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, म्हणजे श्राद्धाला मुलगा होता. लढाईत पडलेल्याचा वीर होतो, मुसलमान किंवा हबशी माणसाचा खवीस. या सगळ्यांना काहीतरी हवे असते: ते झपाटतात, अंगात येतात, आणि मग दहीभात, लिंबू, नारळ किंवा कोंबडे ओवाळून तिवाठ्यावर उतारा ठेवावा लागतो, परतताना मागे वळून बघायचे नाही. नारायणराव कोणाला धरत नाहीत. त्यांच्या नावाने उतारा ठेवण्याची लोकरूढी नाही. ते नुसते हाक मारतात, आणि तीही काकाला.

ज्यांचे भूत झाले नाही त्यांच्याकडे पाहिले की याचे कारण उलगडते. चापाजी त्याच जागी, त्याच क्षणी मेला. त्याची हाक कोणी ऐकत नाही. घाशीराम कोतवालाला १७९१ मध्ये जमावाने दगडांनी ठेचून मारले; पण कोठडीत माणसे गुदमरवून मारल्याचा ठपका त्याच्यावर होता, तेव्हा लोकांच्या लेखी तो हिशेब फिटला. विठोजी होळकरांना एप्रिल १८०१ मध्ये वाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. त्यांच्यासाठी भूत व्हायला वेळच मिळाला नाही: भाऊ यशवंतराव फौज घेऊन आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत पेशव्यांचा पराभव करून गेले. पानिपतावर १७६१ मध्ये घराघरांतली माणसे गेली, पण सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूची सर्वांना खात्री पटली नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला भूत न येता तोतया आला. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. नारायणरावांच्या बाबतीत मृत्यूविषयी शंका नव्हती, अपराधी घरातलाच होता, दोषही जाहीर झाला होता आणि शिक्षा मात्र झाली नाही. बारभाईंनी (कारभाऱ्यांच्या गटाने) रघुनाथरावांना सत्तेवरून काढले, पण ते १७८३ मध्ये कोपरगावी अंथरुणावर वारले.

या भुताची भीती आधी कोणाला वाटली, हेही नोंदवण्यासारखे आहे. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी वडिलांच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून पुण्याभोवती आंब्याची असंख्य झाडे लावली आणि ब्राह्मणांना मोठी दाने दिली, असे पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रज इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे मारणाऱ्याच्या घराला हा मृत्यू आधी जाचला. शहराने त्याची गोष्ट सांगणे ही पुढची पायरी.

वाडा १० जानेवारी १७३० रोजी पाया घालून बांधायला घेतला आणि २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली आहेत. ज्या दालनात खून झाला ते नाही, आणि हिरवळीवर उभे राहून लोक जिथे बोट दाखवतात ती जागा प्रत्येकाची वेगळी असते.

या कथेचे पाठ गोळा करताना दोन चुका नेहमी होतात. एक, सवाई माधवरावांची कथा यात मिसळते. ते २५ ऑक्टोबर १७९५ रोजी वाड्यातच वरून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी वारले. ‘खिडकीतून पडलेला पेशवा’ असा उल्लेख आला की पाठ वेगळा ठेवावा. दुसरी, फक्त ‘आवाज ऐकला का?’ एवढेच विचारले जाते. तिथी कोणती, हाक कुठल्या दरवाजाच्या बाजूने, सांगणाऱ्याने स्वतः ऐकली की दुसऱ्याने सांगितली, घरात नारळ किंवा भात ओवाळला का, हे चार प्रश्न विचारले तर पाठ जुन्या पेठेतला की हल्लीच्या पर्यटनातला ते बरेचसे कळते. उताऱ्याचा उल्लेख असलेला पाठ मिळालाच तर तो जपून उतरवावा, कारण या कथेत तो अपवाद आहे.