भराभर श्वास, अंगातली अफू आणि रक्तदाब

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी पहाटे भस्त्रिका, म्हणजे लोहाराच्या भात्यासारखा भराभर श्वास घेण्याचा प्राणायाम, करणारे बरेच जण भेटतात. परवा शेजारच्या सतरंजीवरचे काका, उभी हयात यंत्रमागावर घालवलेले, जोरजोरात भाता चालवून झटकन उठले आणि तसेच मटकन बसले. "बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली बघा," म्हणाले.

भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून भोवळ येते. हे जुनंच ज्ञान. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढून प्राणायाम प्रयोगशाळेत नेला. पण अशा श्वासाने काहींचा रक्तदाब उतरतो, तर काहींचा चढतो. असं का, याचा एक धागा सापडला तो अफूच्या अभ्यासात.

१९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांना धरून ठेवणारी ग्राहके सापडली. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी आपल्या डोक्यात जागा कशाला असेल? शरीरच तसलं काही बनवत असणार! स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या संशोधकांनी डुकराच्या मेंदूचा अर्क काढला. विजेच्या झटक्यांनी आखडणाऱ्या गिनीपिगच्या आतड्याच्या पट्टीवर तो सोडला की पट्टी मंदावे. नालोक्सोन टाकलं की पुन्हा आखडू लागे. नालोक्सोन हा अफूचा उतारा, म्हणजे अर्कातलं द्रव्य अफूच्याच जातीचं. १९७५ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं: एन्केफॅलिन. पुढच्याच वर्षी संशोधक चो हाओ ली यांनी उंटाच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून त्याच जातीचं बीटा-एंडॉर्फिन वेगळं केलं.

या साऱ्यात मला मोठा वाटतो तो नालोक्सोनचा उपयोग. अंगातली अफू काय करते हे तिला अडवूनच कळतं. १९७८ मध्ये होलाडे आणि फेडन यांनी जंतुविषाने रक्तदाब कोसळलेल्या उंदरांना ते दिलं आणि दाब सावरला. अंगातली ही वेदना शमवणारी द्रव्यं रक्तदाबही खाली ओढतात, हे तिथे उघड झालं.

मग हीच युक्ती माणसांच्या भराभर श्वासावर वापरली गेली. ज्यांचा दाब अशा श्वासाने उतरत होता, त्यांना आधी नालोक्सोन दिलं तर ती घसरण थांबली. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंचा जोर ही अंगातली अफू कमी करते. या मज्जातंतूंतून सुटणारं, वाहिन्या आवळणारं नॉरॲड्रेनॅलिन कमी सुटतं आणि दाब उतरतो.

काकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने ते भाता हळू चालवतात आणि उठण्याआधी दोन मिनिटं पाण्याकडे बघत बसून राहतात.