मुसीचा पूर आणि दोन सागर

हैदराबादेत ‘तुगयानी’ म्हणतात तो महापूर 28 सप्टेंबर 1908 चा. त्या दिवशी मुसी नदी शहरात शिरली आणि अंदाजे पंधरा हजार माणसं गेली. शहरातल्या चार पुलांपैकी तीन कोसळले, 1578 साली बांधलेला पुराना पूल तेवढा उभा राहिला. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जणांनी जीव वाचवला. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.

निजाम मीर महबूब अली खान यांनी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेतून नुकतेच बाहेर पडून युरोपात फिरत होते. पाणी वाढलं की आपोआप उघडणारे आणि ओसरलं की मिटणारे त्यांचे दरवाजे खडकवासल्याला 1903 मध्येच बसले होते. एप्रिल 1909 मध्ये ते हैदराबादला आले आणि नदीकाठी भिंती घालण्याच्या आधी त्यांनी शहराच्या वरचं सगळं खोरं तपासलं. मला त्यांच्या कामातली ही पायरी सर्वांत मोलाची वाटते.

खोऱ्यात लहानमोठे 788 तलाव होते. त्यातले 221 त्या पावसात फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्यावर आदळायचं, तोही फुटायचा, आणि पावसाच्या पाण्यात साठवलेल्या पाण्याची भर पडत लोंढा फुगत जायचा. पाणी अडवणारी रचना दुबळी असेल तर तीच पुराला बळ देते, हे त्या आकड्यांतून दिसलं.

त्यांनी सुचवलेला उपाय असा होता: शहराच्या वर, मुसीवर एक आणि तिची उपनदी ईसीवर एक, अशी दोन भक्कम धरणं बांधायची आणि त्यांत पुरासाठी जागा राखायची. धरण पुराचं पाणी नाहीसं करत नाही, ते पाण्याला वेळ लावतं. वरून येवा प्रचंड असला तरी खालच्या पात्राला झेपेल एवढाच विसर्ग सोडायचा, मधला फरक जलाशयात मावून घ्यायचा आणि पाऊस थांबल्यावर तो सावकाश नदीत द्यायचा. काही तासांत येऊन आदळणारं पाणी मग काही दिवसांत वाहून जातं, पुराचा माथा बुटका होतो. मात्र लोंढा येईल तेव्हा जलाशयात जागा असायला हवी. काठोकाठ भरलेल्या धरणात जेवढं येतं, जवळजवळ तेवढंच खाली सोडावं लागतं.

पुढचा निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात हे काम झालं. 1912 मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं, 1920 मध्ये मुसीवरचा उस्मान सागर आणि 1927 मध्ये ईसीवरचा हिमायत सागर पुरा झाला. हिमायत हे निजामाच्या थोरल्या मुलाचं नाव. (मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता.)

पुरासाठी बांधलेले हे दोन तलाव मग शहराला पाणी पाजू लागले आणि इथेच एक कायमची ओढाताण सुरू झाली. पिण्यासाठी तलाव भरलेला हवा, पुरासाठी त्यात मोकळी जागा हवी. सांगली-कोल्हापुरात 2005 आणि 2019 च्या पुरानंतर कोयना आणि अलमट्टीवरून झालेला वाद याच प्रश्नाचा. ऑगस्टच्या सुरुवातीला किती जागा राखायची हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला पुढचा पाऊस माहीत नसतो. पाणी सोडलं आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

दोन्ही सागरांचं पाणलोट क्षेत्र जपण्यासाठी 1996 मध्ये शासनाने 111 क्रमांकाचा आदेश काढून 84 गावांत बांधकामांवर बंधनं घातली. 2022 मध्ये ती उठवण्याचा आदेश निघाला. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. जमिनीवर काँक्रीट पसरलं की पाणी मुरत नाही, येवा लवकर आणि एकदम येतो, आणि निर्णय घ्यायला हाताशी असलेले तास कमी होतात.

ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत हिमायत सागरचे दरवाजे उघडावे लागले. पण त्या वेळी अनेक वस्त्या बुडाल्या त्या धरणांच्या खाली, शहरातच पडलेल्या पावसाने. तिथे पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू हे जुने तलाव फुटले होते.