चाळा की टिक? सारख्याच दिसणाऱ्या दोन हालचाली

एक मूल डोळ्यांसमोर बोटं नाचवतं, दुसरं मिनिटाला दहा वेळा डोळे मिचकावतं. घरात दोघांनाही एकच शेरा मिळतो, "खोड लागलीये, वेळेत मोडा." पहिल्याच्या हातावर चापट बसते, दुसऱ्याला चष्म्याचा नंबर काढायला नेतात. दोन्ही उपाय चुकीचे, आणि चुकायची कारणंही वेगवेगळी.

बोटं नाचवणं म्हणजे स्टिमिंग, स्वतःला बरं वाटावं म्हणून पुन्हा पुन्हा केलेली हालचाल. मराठीत त्याला 'चाळा' हा चांगला शब्द आहे, फक्त 'नसते चाळे'मधलं 'नसते' तेवढं काढून टाकायचं. डोळे मिचकावणं ही टिक, म्हणजे मुद्दाम न केलेली, झटक्यात होणारी हालचाल किंवा आवाज, असू शकते. तिला आपल्याकडे घरगुती शब्दच नाही, म्हणून ती ओळखूही येत नाही.

चाळ्याला ताल असतो. मूल बसल्या जागी पुढेमागे झुलतं, तळवे फडफडवतं, गोल गोल फिरतं, आणि हे मिनिटं न् मिनिटं चालू शकतं. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांत तो बहुतेक वेळा तीन वर्षांच्या आतच दिसू लागतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. कुकरची शिट्टी झाली, पाहुण्यांनी घर भरलं, आवडती गाडी दिसली किंवा नुसतंच ताटकळावं लागलं की तो वाढतो. दुसऱ्या कशात मन रमलं की थांबतो. मुलाला त्याचा त्रास नसतो, उलट बरं वाटतं.

टिकला ताल नसतो. ती शिंकेसारखी, एकदम येते आणि क्षणात संपते. डोळे मिचकावणं, नाक उडवणं, मानेला हिसका, खांदा वर. साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान, बहुधा चेहऱ्यापासून सुरुवात होते. दहा-बारा वर्षांच्या सुमारास ती सर्वांत जास्त असते आणि बऱ्याच जणांची पुढे वयात येताना कमी होते. शिवाय ती रूप बदलते. दिवाळीत डोळे, जानेवारीत मान, मेच्या सुट्टीत काहीच नाही, जूनमध्ये घसा. आईवडिलांना वाटतं, हा मुद्दाम करतोय. शाळेत दाबून ठेवून घरी आल्यावर सुटू दिली, की ती शंका पक्की होते.

खरं तर शिंकेची उपमा इथे पुरेपूर लागू पडते. नऊ-दहा वर्षांचं मूल बरेचदा सांगू शकतं, "आधी मानेत काहीतरी खाजल्यासारखं होतं, मग मान उडवली की बरं वाटतं." ही आधीची चुळबुळ टिकची मोठी खूण. शिंक जशी काही क्षण रोखता येते तशी टिकही रोखता येते, पण सगळं लक्ष तिथेच खर्च होतं. मग धड्यातली एकच ओळ तीनदा वाचावी लागते. "आधी काही जाणवतं का?" हा प्रश्न मुलाला एकदाच, शांतपणे विचारायचा. रोज उलटतपासणी नको.

आवाजाच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो. दिवसभर "खं, खं" करणाऱ्या मुलासाठी खोकल्याच्या आणि ॲलर्जीच्या औषधांच्या बाटल्या रिकाम्या होतात. खोकला झोपेतही येतो, टिक झोपेत बहुतेक थांबते. जाहिरातीचं एकच वाक्य त्याच सुरात पुन्हा पुन्हा म्हणणं किंवा तासभर गुणगुणणं मात्र चाळ्याकडे झुकतं. टुरेट (टिकचाच एक विकार) म्हटलं की तोंडातून शिव्या येणार, हा समज सिनेमांनी पसरवला. प्रत्यक्षात तसं दहांत एखाद्यालाच होतं. हालचालींच्या एकाहून अधिक टिक, आवाजाची निदान एक आणि सुरू होऊन वर्ष उलटलेलं असेल, तर डॉक्टर टुरेटचा विचार करतात. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास मुलांत एडीएचडीही (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जाणं) असतं. चाळा आणि टिक एकाच मुलात असणंही नवलाचं नाही.

खात्री होत नसेल तर दोन आठवडे वही ठेवा. रकाने चारच: वेळ, काय केलं, त्याआधी काय घडलं, किती वेळ चाललं. सोबत मुलाच्या नकळत मोबाइलवर तीस-तीस सेकंदांचे दोन-तीन व्हिडिओ घ्या. डॉक्टरांच्या खोलीत टिक बरेचदा गायब होते, तेव्हा हेच कामाला येतात. वही मुलाच्या हाती लागू देऊ नका. टिकविषयी बोललं तरी ती वाढते, मग "आज किती वेळा झालं?" विचारल्यावर काय होणार!

म्हणूनच टिकवरचा पहिला उपाय म्हणजे पाहून न पाहिल्यासारखं करणं. टोकणाऱ्या आजीआजोबांनाही विश्वासात घ्यावं लागतं. मान दुखू लागली किंवा मुलाला स्वतःलाच नकोसं झालं, तर प्रशिक्षित थेरपिस्टकडून सवय उलटवण्याची थेरपी शिकता येते. दहा आठवड्यांत साधारण आठ सत्रं असतात. चुळबुळ जाणवताच टिकशी जुळणार नाही अशी हालचाल मिनिटभर किंवा चुळबुळ ओसरेपर्यंत धरून ठेवायची. मान उडत असेल तर हनुवटी किंचित खाली आणि मानेचे स्नायू हलके ताठ. घसा खाकरला जात असेल तर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास. घरी हे फसतं ते आईवडील पहारेकरी झाल्यावर. "चल, मान धर!" हे तिसऱ्या दिवशी भांडण होतं. तबला, पोहणं, क्रिकेट यांत मूल तल्लीन असताना टिक कमी दिसते, तर त्याचा वेळ कापू नये.

चाळ्याला हा उपाय लावू नका. "हात मांडीवर" म्हटलं की मूल हात सांभाळत बसतं आणि ताण दुसरीकडून निघतो, नखं कुरतडली जातात. चाळा कशासाठी चाललाय ते पाहा. गोंगाट असेल तर कानावर हेडफोन किंवा शांत कोपरा, झुलायचं असेल तर घरचा झोपाळा. वर्गात खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली, की पाय त्यावर आपटता येतात आणि आवाजही होत नाही. थांबवायचा फक्त इजा करणारा चाळा, आणि तोही तशाच जाणिवेची दुसरी वस्तू देऊन. कॉलर चघळणाऱ्याला चघळायचीच माळ, म्हणजे च्यूइंग नेकलेस, द्या (दोरी ताणली की सुटणारीच हवी). डोकं आपटणाऱ्याला उशी द्या, पण आपटणं नव्याने सुरू झालं असेल तर आधी कान-दात तपासून घ्या. दुखतंय हे न बोलणारं मूल असंच सांगतं.

मोठ्यांचंही हेच. मीटिंगमध्ये पाय हलवणारा किंवा पेन टिकटिकवणारा माणूस बरेचदा लक्ष टिकवण्यासाठीच ते करत असतो. त्याला आवाज न करणारी वस्तू आणि फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायची मुभा पुरते.

दोन प्रसंगी मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नका. मूल पाच-दहा सेकंद टक लावून पाहतं, पापण्या फडफडतात, हाक मारून किंवा स्पर्श करूनही भान येत नाही, तर ते फिट्सचं लक्षण असू शकतं. आणि तेरा-चौदाव्या वर्षी, आधी काही नसताना एक-दोन दिवसांत मोठमोठ्या हालचाली सुरू झाल्या तर तीही नेहमीची टिक नसेल. कोविडच्या काळात, 2020-21 मध्ये, अनेक देशांत किशोरवयीन मुलींमध्ये असं दिसलं, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

वर्गशिक्षकांना डायरीत तीन ओळी पुरतात: "ही टिक आहे, मुद्दाम नाही. वर्गासमोर टोकू नका. त्याने खूण केली की पाच मिनिटं बाहेर सोडा." चाळा असेल तर तिसऱ्या ओळीच्या जागी ट्यूबवाल्या खुर्चीची विनंती लिहा.